‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून वऱ्हाडाचे दप्तर भंगारात घालणाऱ्यांस

१/
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम हा स्वतंत्र जिल्हा निघाला. त्याच दशकात कापूस एकाधिकार खरेदी योजना शेवटच्या टप्प्यात येत होती आणि कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांच्या बातम्या वऱ्हाडी वृत्तपत्रांत येऊ लागल्या होत्या. २०५० च्या सुमारास या दशकाचा इतिहास लिहायला कोणी बसला, तर त्याची साधने कोठे असतील? छापील अंक काही ग्रंथालयांत मिळतील. पण मसुदे, याद्या, हिशेब, न छापलेली हस्तलिखिते यांतले बरेच काही तोवर कागदावरून संगणकाच्या डिस्कवर गेले होते. तो संगणक आज कुणाच्या माळ्यावर आहे, नाहीतर वजनावर विकला गेला आहे. विकण्याचे कारण विचारावे, तर उत्तर तीन शब्दांचे मिळते: ‘डिस्प्ले येत नाही.’

२/
हा धागा त्या तीन शब्दांविरुद्ध आहे.

३/
इतिहासप्रेमी तरुणांना मोडी शिकावीशी वाटते. वळणे गिरवली जातात, पेशवेकालीन कागदाच्या एका ओळीसाठी रात्र जागवली जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र तीच मंडळी घरातला १९९४ चा संगणक चालू होत नाही म्हणताच खांदे उडवतात. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाचे अक्षर लावण्यास जो अभ्यासक वर्षभर देतो, तो तीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचे अक्षर लावण्यास एक दुपार देत नाही. यामागे एक समजूत आहे: जुने ते साधन, आणि नुकतेच गेलेले ते केवळ अडगळ. वि. का. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडत होते, तेव्हा त्या दप्तरांच्या अनेक मालकांचीही हीच समजूत होती. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तो या समजुतीला न जुमानता.

४/
वऱ्हाडाने तर हा धडा फार पूर्वीच गिरवला आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. त्या पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होऊन राहिले. पोथ्या होत्या, अक्षरे होती. पंथाबाहेर वाचणारा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली, त्यात राजवाड्यांचा वाटा मोठा, आणि मराठी गद्याचा आरंभकाळ डोळ्यांपुढे उभा राहिला. ज्यांच्या हाती त्या पोथ्या आधी पडल्या त्यांनी ‘अक्षर लागत नाही’ म्हणून त्या चुलीत घातल्या असत्या, तर आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ कशाच्या आधारावर उभे राहिले असते?

५/
आता यंत्राकडे वळू. ‘डिस्प्ले’ म्हणजे केवळ पडदा असा समज आहे. वस्तुतः पडदा हा नुसता कागद. लिहिणारा लेखनिक वेगळा असतो, आणि तो संगणकाच्या पेटीत एका पट्टीच्या रूपाने खाचेत बसलेला असतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर जे एकरंगी कार्ड आले, त्याला चित्र काढताच येत नव्हते. ८० रकाने, २५ ओळी, आणि ठरलेल्या २५६ आकृत्या. संगणक केवळ क्रमांक पाठवी. त्या क्रमांकाची आकृती कार्ड आपल्या स्मृतीतून काढून पडद्यावर ठेवी. या २५६ आकृत्यांत रोमन अक्षरे होती, युरोपातील काही चिन्हांकित अक्षरे होती, ग्रीकांतली काही होती, चौकटी आखण्याच्या रेषा होत्या. देवनागरीचे एकही अक्षर नव्हते.

६/
ही अडचण एकट्या मराठीची नव्हती. १९८२ मध्ये अमेरिकेत व्हॅन सुवन्नुकुल या थायी विद्यार्थ्यास आपल्या प्रबंधासाठी पीसीच्या पडद्यावर थाई लिपी हवी होती. त्या गरजेतून ७२० बाय ३४८ ठिपक्यांचे हर्क्युलिस कार्ड जन्मले आणि पुढे ते जगभर पसरले. ज्याला आज ‘जुने ग्राफिक्स कार्ड’ म्हणून फेकतात, त्याच्या वंशावळीत लिपीची भूक आहे.

७/
भारतात ही भूक जिस्ट कार्डाने भागवली. ‘ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी’ असे त्याचे लांबलचक नाव. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात हे तंत्र आकारास आले; त्यात मोहन तांबे यांचे नाव अग्रभागी आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे काम तेथे आले. सी-डॅकचे संस्थापक कार्यकारी संचालक डॉ. विजय भटकर. त्यांचा जन्म १९४६ चा, गाव मुरंबा, जिल्हा अकोला. ‘परम’ महासंगणकामुळे वऱ्हाडात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्याच संस्थेतून बाहेर पडलेले आणि डीबेस, वर्डस्टार यांसारख्या सामान्य प्रणालींना मराठी बोलायला लावणारे ते लहानसे कार्ड मात्र कोणाच्या भाषणात येत नाही. महासंगणक पाहायला लोक जमतात. कार्डाकडे कोण पाहणार!

८/
जिस्टच्या मुळाशी इस्की ही संकेतप्रणाली होती. १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून ठरली. पहिले १२८ क्रमांक रोमनचे, वरचे भारतीय लिप्यांचे. १७९ म्हणजे क, १८० म्हणजे ख, २०९ म्हणजे ल. हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे, कारण सगळा घोटाळा त्यातूनच होतो.

९/
समजा, एखाद्या फाइलमध्ये ‘अकोला’ लिहिले आहे. डिस्कवर पाच क्रमांक आहेत: १६४, १७९, २२९, २०९, २१८. जिस्ट कार्ड असेल तर पडद्यावर ‘अकोला’ उमटेल. ते कार्ड काढून टाकले, सैल झाले किंवा त्याची प्रणाली सुरूच झाली नाही, तर साधे कार्ड तेच पाच क्रमांक आपल्या यादीप्रमाणे काढील: डोक्यावर लाट असलेले स्पॅनिश एन, एक उभी रेघ, ग्रीक सिग्मा, दुहेरी आडव्या रेघेखाली लोंबणारी दांडी, आणि चौकटीचा वरचा डावा कोपरा. हे आहे ‘अकोला’. पाचही क्रमांक जागेवर आहेत, एकही बिघडलेला नाही. पण पाहणारा म्हणतो, ‘व्हायरस लागला, फॉरमॅट मारा.’

१०/
फॉरमॅट मारणे हे येथे पोथी जाळणेच होय. हा शब्द कठोर वाटेल, पण दुसरा योग्य शब्द नाही. त्या रेघा-कोपऱ्यांत इतिहासकाराने ओळखायची खूण स्पष्ट असते: रोमन मजकूर आणि आकडे शाबूत, आणि मराठी असायला हवे तेथेच चौकटींचे तुकडे. खऱ्या नासलेल्या फाइलमध्ये अशी शिस्त नसते. एकदा ओळख पटली की रूपांतर अवघड नाही. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीच १९८८ च्या इस्कीवर बेतलेली आहे.

११/
विंडोज आल्यावर रोग बदलला. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींनी अक्षरांचे तुकडे फॉन्टमध्ये भरले, आणि प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा. फॉन्ट गेला की मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या गिचमिडीत बदलतो. त्यात अशा काही प्रणालींना संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खाचेत लावायचे एक कुलूप लागे. डीटीपीवाले त्याला डोंगल म्हणत. डोंगल नसेल तर प्रणाली उघडत नाही. अंगठ्याएवढी ती डबी कित्येकदा रिकामा जोड समजून आधीच फेकलेली असते.

१२/
म्हणून ‘डिस्प्ले येत नाही’ हे निदान नव्हे, ती केवळ तक्रार आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास साधनांचे बहिरंग परीक्षण शिकवतात: कागद कोणता, शाई कोणती, हस्ताक्षर कोणाचे, नक्कल की अस्सल. यंत्रालाही तेच प्रश्न विचारायचे असतात. अक्षर नेमक्या कोणत्या टप्प्यावर बिघडते?

१३/
त्याआधी एक पथ्य. कळ दाबण्याची घाई करू नये. पेटी उघडावी आणि मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी. यंत्राची परीक्षा तिच्याविना करता येते. डिस्कवर काही लिहिले जाणार नाही अशा बेताने तिची पूर्ण प्रत काढणे हे स्वतंत्र काम, आणि ते आधी. ३८६-४८६ च्या फळीवर निळ्या किंवा हिरव्या आवरणाची पिंपासारखी बॅटरी असते. ती गळते, आणि तिचा क्षार कीबोर्डच्या जोडाकडून कार्डांच्या खाचांपर्यंत तांब्याच्या रेषा खात जातो. हिरवा-पांढरा थर दिसला तर काळ्या पडद्याचे कारण बहुधा तेथेच सापडते. अलीकडच्या, म्हणजे २००० च्या आसपासच्या फळ्यांवर माथा फुगलेले कपॅसिटर शोधावेत. मॉनिटर मात्र उघडू नये. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये बंद केल्यानंतरही जिवावर बेतेल एवढा दाब उरलेला असतो.

१४/
मग ऐकावे. जुने यंत्र मुके नसते. अवॉर्ड बायोस असेल तर एक लांब आणि दोन आखूड शिट्या म्हणजे ग्राफिक्स कार्डाची तक्रार. एएमआय असेल तर आठ आखूड. शिटी ऐकू आली, म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे आणि तो स्वतःच सांगतो आहे की लेखनिक जागेवर नाही. एवढे सांगूनही यंत्राला मृत ठरवणारा माणूस साधनाशी बोलतच नाही, असे म्हणावे लागेल.

१५/
अशा वेळी वऱ्हाडात पहिला संशय हवेवर घ्यावा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, रात्री उतरतो. अशी तीस वर्षे. खाचेत उभे असलेले कार्ड आणि त्यावरच्या खोबणीत बसवलेल्या स्मृतीच्या चिप या रोजच्या फुगण्या-आक्रसण्याने कणाकणाने वर सरकतात. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ. वीज काढून, कार्ड उपसून, त्याच्या सोनेरी दातांवर पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, चिप अंगठ्याने खाली दाबाव्यात, कार्ड सरळ बसवून स्क्रू आवळावा. दुरुस्तीवाले हेच करीत आले आहेत आणि त्याला ‘रबर मारणे’ म्हणतात. कित्येक ‘मेलेली’ यंत्रे एवढ्यावर उठतात. इतिहासाची सेवा म्हणून याहून स्वस्त उपाय नाही.

१६/
न उठल्यास जोड पाहावेत. मागे नऊ छिद्रांचा जोड असेल तर कार्ड १९८७ च्या व्हीजीएपूर्वीच्या परंपरेतले: एकरंगी, हर्क्युलिस, सीजीए किंवा ईजीए. या चौघांचा जोड दिसायला सारखा, संकेत मात्र वेगळा. चुकीच्या जोडीने जुना एकरंगी मॉनिटर कायमचा निकामी होऊ शकतो. तीन ओळींत पंधरा छिद्रे असतील तर व्हीजीए. त्यातली एक पिन वाकली तर एक रंग जातो: पांढरे पिवळे दिसले तर निळा हरवला. जुन्या फळीवर एकरंगी की रंगीत हे ठरवणारा लहानसा जंपर असतो. कार्ड बदलून जंपर तसाच ठेवला तरी पडदा काळा राहू शकतो. आणि आजचा एलसीडी लावून निकाल देऊ नये. डॉसचा मजकूर ७२० बाय ४०० ठिपके आणि सेकंदाला ७० फेऱ्या या चालीने येतो. सर्वच नव्या पडद्यांना ती चाल ओळखू येत नाही.

१७/
पडद्यावर सुरुवातीपासूनच ठरावीक अंतरावर कचरा दिसत असेल, तर दोष कार्डाच्या स्मृतीत. ट्रायडंट, सिरस लॉजिक, एसथ्री, एसआयएस ही नावे असलेली बदली कार्डे जुन्या सामानात अजून मिळतात. मात्र एजीपी खाचेचे कार्ड असेल तर ३.३ व्होल्ट आणि १.५ व्होल्ट यांचा मेळ पाहिल्यावाचून ते खुपसू नये. सुरुवातीची अक्षरे नीट येऊन विंडोज उघडताना अंधार झाला, तर कार्ड निर्दोष आहे. ड्रायव्हर किंवा ठिपक्यांची मांडणी चुकली. यासाठी डिस्कच्या प्रतीवरून यंत्र सुरू करावे. विंडोज ९८ मध्ये एफ८ दाबून सेफ मोडमध्ये गेले की साधे १६ रंगी ६४० बाय ४८० चित्र येते, आणि मांडणी तेथून बदलता येते. आणि सारे ठीक असून केवळ मराठीच बिघडली असेल, तर परत नवव्या पोस्टकडे जावे. तो बिघाड नव्हेच.

१८/
आता आक्षेप. पहिला, आणि सर्वांत शहाणा: ‘डिस्क काढून डेटा घेतला की झाले, पेटी कशाला जपायची?’ यात अर्धे सत्य आहे. १९९५ नंतरच्या बहुतेक आयडीई डिस्का आजच्या संगणकाला एका जोडाने लागतात. पण १९८० च्या दशकातील एमएफएम डिस्क तिच्या मूळ नियंत्रक कार्डाशिवाय सहसा वाचता येत नाही, आणि त्या दोघांची जोडी फोडणे म्हणजे दप्तराचा रुमाल फेकून सुटे कागद उधळणे. शिवाय डेटा मिळूनही तो कसा दिसत असे, हे कळण्यास मूळ कार्ड लागते. ‘अनुकरण करणाऱ्या प्रणाली आहेत ना’, असे यावर म्हटले जाते. आहेत, आणि उत्तम आहेत. परंतु देशी बनावटीच्या कार्डाची नक्कल करायला एखादे चालू कार्ड समोर असावे लागते. सगळी भंगारात गेल्यावर नक्कल कशाची करणार?

१९/
दुसरा आक्षेप: ‘महत्त्वाचे ते छापले गेलेच आहे.’ हे विधान इतिहासाच्या विद्यार्थ्याने करावे, याचे नवल वाटते. छापलेली ती शेवटची प्रत. संपादकाने गाळलेला परिच्छेद, बदललेला मथळा, वऱ्हाडीतून प्रमाण मराठीत ‘सुधारलेला’ संवाद, न निघालेला दिवाळी अंक, एखाद्या जिनिंगची मजूरयादी, हे सारे छापाच्या अलीकडचे. पेशवे दफ्तराचे मोल कशात आहे? ते प्रसिद्धीसाठी लिहिलेले नव्हते यातच ना?

२०/
तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण तोच खरा: हे काम इतिहासकाराच्या प्रतिष्ठेचे नाही. धूळ, स्क्रू-ड्रायव्हर, खोडरबर. पोथीवरची धूळ पवित्र आणि मदरबोर्डवरची धूळ हलकी, हा भेद कोणत्या इतिहासपद्धतीत सांगितला आहे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. उत्सव झाला, व्हावाच. मात्र अभिजाततेचा अभिमान बाराव्या-तेराव्या शतकापुरताच जागा राहतो आणि विसाव्याच्या अखेरच्या दशकास भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवतो, तेव्हा तो भाषेचा अभिमान उरत नाही. ती जुनेपणाची हौस होय.

२१/
कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकाने निर्माण केलेले साहित्य अभिलेखांत स्पष्टपणे गणले. महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम २००५ चा आहे. दुसरीकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि जुनी यंत्रे लवकर निकालात काढणे हा शिष्टाचार ठरला. दोन्ही नियमांत विरोध नाही. आधी अभिलेख, मग कचरा, एवढाच क्रम पाळायचा आहे. पाळला जातो तो नेमका उलटा.

२२/
खासगी यंत्रांस हा कायदा लागत नाही, आणि वऱ्हाडाचे खरे धन तेथेच असण्याचा संभव अधिक: बंद पडलेले छापखाने, डीटीपीची घरगुती केंद्रे, लहान साप्ताहिके, हौशी लेखकांची घरे. तेथे जाताना परवानगी घ्यावी, आणि डिस्कवर घरातल्यांचा खासगी मजकूरही असतो हे विसरू नये. जाताना आणखी एकाला गाठावे: नव्वदच्या दशकात त्या गावात संगणक जोडून देणारा दुरुस्तीवाला. कोणत्या वर्षी कोणती कार्डे येत, जिस्ट कोठे बसवले होते, डोंगल हरवल्यावर लोक काय करीत, हे त्याच्या डोक्यात आहे आणि कोठेही लिहिलेले नाही. आता तो पन्नाशी-साठीत आहे. मोडी वाचणाऱ्या शेवटच्या कुळकर्ण्यांकडे वेळेत न गेल्याची हळहळ ज्यांना वाटते, त्यांनी याच्याकडे ध्वनिमुद्रक घेऊन जावे.

२३/
प्रत्येक पेटी जपून ठेवा, असे येथे कोणी म्हणत नाही. हजार सारख्या यंत्रांतली नऊशे नव्वद खुशाल जावोत. जाण्यापूर्वी डिस्कची प्रत, कार्डांचे आणि डोंगलचे छायाचित्र, आणि कोणत्या प्रणालीत कोणता फॉन्ट होता याची एका पानाची नोंद एवढे व्हावे. जिस्टची गोष्ट मात्र निराळी. पेटी उघडल्यावर एखाद्या पट्टीवर ‘जिस्ट’ किंवा ‘सी-डॅक’ ही अक्षरे दिसली, तर ते कार्ड सुटे काढून विकू नये. त्याच्याबरोबरच्या फ्लॉपीही शोधाव्यात. त्या बहुधा त्याच कपाटात, जुन्या पावतीपुस्तकांच्या मागे, बुरशीच्या वासाच्या एखाद्या प्लॅस्टिकच्या डबीत असतात. बुरशी लागलेली फ्लॉपी यंत्रात घालू नये, आधी स्वच्छ करून घ्यावी.